इंद्रायणीचे मासे आणि त्यांची नावे

इंद्रायणी म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे देहू आणि आळंदी उभ्या राहतात. संतांच्या सहवासाने ही नदी इतकी पावन झाली आहे की तिला स्वतःचा भूगोल आहे, तिच्या प्रवाहात राहणारे जीव आहेत, ह्याचा आपल्याला सहज विसर पडतो. लोणावळ्याजवळ कुरवंड्याच्या डोंगरात तिचा उगम होतो. तेथून ती मावळच्या खोऱ्यात उतरते, कार्ल्याचा डोंगर डावीकडे ठेवून पूर्वेस निघते, कामशेतपाशी लोहमार्ग आणि जुना मुंबई-पुणे रस्ता ह्यांच्या सोबतीने वाहते, नाणे मावळातून येणारे पाणी सामावून घेते आणि देहू-आळंदी मागे टाकून तुळापूर येथे भीमेला मिळते. पुढे भीमा कृष्णेला आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला.

ह्या खोऱ्यातील माणसांचा इतिहास पुष्कळ लिहिला गेला आहे. कार्ले, भाजे आणि बेडसे येथील लेणी, शिवकाळातील मावळे, १८५८ साली खंडाळा ते पुणे सुरू झालेली आगगाडी, ह्या सर्वांची नोंद झालेली आहे. परंतु नदीच्या पोटात जे जीव पिढ्यान्‌पिढ्या नांदत होते, त्यांचाही एक इतिहास आहे. तो फारसा कोणी सांगत नाही. त्या इतिहासात माणसाच्या हावेची गोष्ट आहे, तशीच त्याच्या सद्हेतूचीही आहे; आणि सद्हेतूची गोष्ट अधिक विचार करायला लावणारी आहे. म्हणून ती येथे क्रमाने मांडण्याचा विचार आहे.

साहेबाची वही, मावळची भाषा

विल्यम हेन्री साईक्स हा ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करातील अधिकारी. १८१७ साली खडकीच्या लढाईत तो कंपनीच्या बाजूने लढला. पेशवाई बुडाल्यानंतर, १८२४ साली, मुंबई सरकारने त्याला दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करण्याच्या कामावर नेमले. गावे, पिके, पाऊस, लोकसंख्या ह्यांची मोजदाद करीत तो ह्या प्रांतात हिंडला. आणि सरकारी कामाच्या जोडीला त्याने दख्खनचे पक्षी, पशू आणि मासे ह्यांच्याही नोंदी ठेवल्या. १८३१ साली तो मायदेशी परतला. दख्खनच्या माशांवरील त्याचे लेखन लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेपुढे वाचले गेले आणि १८३९ साली प्रसिद्ध झाले. त्यात चाळीसहून अधिक जातींचे वर्णन होते, आणि त्यांपैकी बहुतेक जाती युरोपातील शास्त्राला तोवर अज्ञात होत्या.

नव्या जातीला लॅटिन वळणाचे नाव द्यावे लागते. साईक्सने काही माशांना लंडनमधील आपल्या मित्रांची नावे दिली. परंतु कितीतरी माशांना त्याने तीच नावे दिली, जी येथील माणसे वापरीत होती. त्याच्या इंग्रजी कानाला जशी ऐकू आली तशी त्याने ती लिहिली. शिंगाळा, शिंगटी, फुलंगी, बोगट, कोळस अशी ती मराठी वळणाची नावे आजही जगभरच्या शास्त्रीय ग्रंथांत जशीच्या तशी चालतात. जपानमधील एखाद्या अभ्यासकाने ह्या माशांवर लिहायचे ठरवले, तर त्यालाही दख्खनच्या नदीकाठचा शब्दच उच्चारावा लागतो. माशांच्या एका संपूर्ण गटाचे नावच 'रोहटी' असे आहे.

ह्या नावांच्या यादीत तीन नावे आपल्या विषयाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहेत. पहिले 'नकटा'. ह्या माशाच्या थोबाडावर आडवी खोल खाच असते आणि तिच्यावर पुढे आलेला फुगवटा. त्यामुळे त्याचे नाक कोणी चेपल्यासारखे दिसते. साईक्सला हा मासा चाकणच्या बाजूला इंद्रायणीतच मिळाला होता. म्हणजे शास्त्राच्या दृष्टीने नकट्याचे जन्मगाव इंद्रायणी. दुसरे 'खुद्री'. हा दख्खनचा महाशीर. पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठेच्या पात्रात साईक्सने त्याची नोंद केली. तिसरे 'मसुल्ला', घोड नदीत शिरूरपाशी मिळालेला एक मोठा मासा. हे तिसरे नाव पुढे एका दूरच्या नदीत मोठा घोटाळा करणार आहे. वाचकांनी ते ध्यानात ठेवावे.

पवित्र शास्त्रातील उत्पत्तीच्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात आदाम गुरांना, आकाशातील पाखरांना आणि वनपशूंना नावे देतो. माशांचा मात्र तेथे उल्लेख नाही. ते काम जणू मागे राहिले होते. आणि इंद्रायणी, घोड, भीमा ह्यांच्या काठी जाळी टाकणाऱ्या कोणा अनाम माणसांनी ते पुरे केले. त्यांची स्वतःची नावे कोणत्याही ग्रंथात नाहीत. त्यांनी माशांना दिलेली नावे तेवढी उरली आहेत.

नाव ठेवणे म्हणजे वेगळेपण ओळखणे. नदीवर पोट असणाऱ्या माणसाला सारे मासे 'मासे' ह्या एकाच शब्दात बसवून चालत नाही. कोणता पुराबरोबर वर चढतो, कोणता डोहाच्या तळाशी राहतो, कोणता गळाला लागतो आणि कोणता जाळ्याशिवाय मिळत नाही, हे त्याला ठाऊक असावे लागते. ते सारे ज्ञान त्या एका नावात साठवलेले असते.

पाणी पश्चिमेला वळले

महाशीर हा गोड्या पाण्यातला बलदंड मासा. त्याचे खवले मोठाले, अंग सोनेरी झाक असलेले, पर निळसर. वाहत्या, स्वच्छ आणि प्राणवायूने भरलेल्या पाण्यात तो वाढतो. पावसाळ्यात नदीला पूर आला की तो प्रवाहाच्या विरुद्ध वर चढतो आणि गोटे-वाळूच्या तळावर अंडी घालतो. ह्याचा अर्थ असा की त्याला नदी सलग हवी, पूर वेळेवर हवा आणि तळ स्वच्छ हवा. ह्या तिन्ही गोष्टी विसाव्या शतकात एकामागून एक हिरावल्या गेल्या.

८ फेब्रुवारी १९११ रोजी मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क ह्यांच्या हस्ते लोणावळ्यात टाटांच्या जलविद्युत योजनेची कोनशिला बसली. कल्पना विलक्षण होती. मावळच्या माथ्यावर पडणारा पाऊस लोणावळा, वळवण आणि शिरोता येथील तलावांत अडवायचा आणि पूर्वेकडे जाणारे ते पाणी नळांतून पश्चिमेकडे, सुमारे पाचशे मीटर खाली, खोपोलीला सोडायचे. १९१५ साली खोपोलीची वीज मुंबईला पोहोचली आणि गिरण्या त्या विजेवर चालू लागल्या. पाठोपाठ इंद्रायणीची उपनदी आंद्रा हिच्यावर ठोकरवाडीचे धरण झाले आणि १९२२ साली भिवपुरीची वीज सुरू झाली. बंगालच्या उपसागराकडे जाणारे पाणी पाताळगंगा आणि उल्हास ह्यांच्या वाटेने अरबी समुद्राला मिळू लागले.

ह्या योजनेला केवळ नावे ठेवणे योग्य होणार नाही. त्या विजेने मुंबईच्या कामगार वस्त्यांत चुली पेटल्या, आणि आपल्या समाजातील अनेक कुटुंबांनीही त्या गिरण्यांत भाकरी मिळवली. शेजारच्या मुळशी खोऱ्यात जमिनी बुडणार म्हणून शेतकऱ्यांनी १९२१ साली सत्याग्रह केला. सेनापती बापटांमुळे तो इतिहासात नोंदला गेला. नदीतल्या रहिवाशांच्या वतीने मात्र कोणी बोलले नाही. बोलावे असे कोणाच्या मनातही आले नसेल. महाशीर वर चढू लागला की धरणाची भिंत आडवी येऊ लागली, आणि भिंतीखालच्या पात्रात पुराचा जोर पूर्वीसारखा राहिला नाही.

त्यात इतर कारणांची भर पडली. सुरुंगाची दारू डोहात टाकून मासे मारणे आणि पाण्यात विष कालवणे हे प्रकार इतके माजले होते की ते थांबवण्यासाठी सरकारला १८९७ सालीच मत्स्यव्यवसायाचा कायदा करावा लागला होता. कायदा झाला, पण डोंगरातल्या डोहावर पहारा कोण ठेवणार? पुढे वाळूचा उपसा सुरू झाला आणि अंडी घालण्याचा तळच खरवडला गेला. स्वातंत्र्यानंतर पिंपरी-चिंचवड, चाकण आणि तळेगाव ह्या पट्ट्यात कारखाने आणि वस्त्या वाढल्या. नदीचे खालचे पात्र सांडपाणी वाहून नेऊ लागले. आळंदीला इंद्रायणीच्या पाण्यावर तरंगणारा पांढरा फेस अलीकडच्या वर्षांत सर्वांनीच वृत्तपत्रांतील छायाचित्रांत पाहिला आहे.

परके पाहुणेही आले. मूळचा आफ्रिकेतील तिलापिया १९५२ साली भारतात आणला गेला. आज पुणे-सोलापूरच्या बाजारात तो 'चिलापी' ह्या नावाने ओळखला जातो. गरिबाला स्वस्त मासा मिळावा, हा त्यामागचा हेतू. तळ्यात तो झपाट्याने वाढला आणि तळ्यातून नदीत गेला. गंगेच्या खोऱ्यातील कटला आणि रोहू दख्खनच्या धरणांत सोडले गेले. डास मारण्यासाठी गप्पी आणि गम्बुसिया आले. प्रत्येक वेळी एखादी गरज होती आणि ती खरी होती. परंतु आधीपासून राहणाऱ्या माशांचे काय होईल, हा प्रश्न विचारण्याची पद्धत नव्हती.

परिणाम हळूहळू दिसू लागला. नकटा, ज्याची पहिली नोंद इंद्रायणीची, तो पुण्याजवळच्या नद्यांत अभ्यासकांच्या हाती लागेनासा झाला. कृष्णेच्या खोऱ्यातील दक्षिणेकडच्या काही पात्रांत तो अजून आहे. परंतु आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत त्याची गणना संकटग्रस्त जातींत झाली. अशा प्रकारच्या लोपाला बातमीमूल्य नसते. जग सोडून गेलेला डोडो पक्षी पाठ्यपुस्तकात येतो. एका नदीतून निघून गेलेला मासा कोठेही येत नाही. तथापि ज्या नदीतून तो गेला, त्या नदीपुरता तो डोडोच झाला. आणि जाती पृथ्वीवरून एका दिवसात नाहीशा होत नाहीत. त्या अशाच एकेक नदी, एकेक डोह सोडत जातात.

लोणावळ्याची मत्स्यबीज केंद्राची कथा

ह्या काळोखात एक उजेडाचा प्रसंग आहे आणि तो कामशेतपासून थोड्याच अंतरावर, लोणावळ्यात घडला. ज्या धरणांनी नदी अडवली, त्याच धरणांच्या तलावांत महाशीर तग धरून राहिला होता. तलाव कंपनीच्या ताब्यात असल्याने तेथे मासेमारीवर निर्बंध होते; दारूचे सुरुंग तेथे पोहोचत नव्हते. महाराष्ट्राच्या मत्स्यव्यवसाय खात्याचे माजी संचालक डॉ. सी. व्ही. कुलकर्णी ह्यांनी खुद्री महाशीराच्या प्रजननाचा बारकाईने अभ्यास केला होता. त्यांच्या मार्गदर्शनाखाली टाटांच्या वीज कंपन्यांनी सत्तरच्या दशकात लोणावळ्यात ह्या माशाची पैदास सुरू केली. एस. एन. ओगले हे ह्या कामातील त्यांचे सहकारी.

पद्धत साधी, पण चिकाटीची होती. पावसाळ्यात पूर्ण वाढलेल्या माद्या पकडायच्या, हलक्या हाताने पोट दाबून अंडी काढायची, त्यांवर नराचे वीर्य सोडायचे आणि मासे पुन्हा पाण्यात सोडून द्यायचे. फळलेली अंडी वाहत्या स्वच्छ पाण्यात ठेवली की सुमारे तीन दिवसांत त्यांतून पिले बाहेर पडत. ह्या रीतीने लक्षावधी पिले तयार झाली आणि देशातील अनेक राज्यांत पाठवली गेली. जेव्हा सर्वत्र महाशीर घटत होता, तेव्हा मावळातील एका छोट्या केंद्राने त्याला हात दिला. एका उद्योगसमूहाने स्वतःच्या धरणाने झालेल्या हानीची भरपाई करण्याचा हा प्रयत्न त्या काळात तर दुर्मीळच होता. खुद्री एके काळी लाल यादीत संकटग्रस्त होता. अलीकडच्या मूल्यमापनात त्याला कमी चिंतेच्या गटात ठेवले गेले. त्या यशात लोणावळ्याचा वाटा आहे, ह्यात शंका नाही.

येथे ही गोष्ट संपली असती तर ती एक सुखान्त बोधकथा झाली असती. परंतु लोणावळ्याची काही पिले दक्षिणेत कावेरीला गेली.

कावेरीत काय झाले

कावेरीचा स्वतःचा एक महाशीर होता. पाठीला उंच कुबड, शेपटीला नारिंगी रंग आणि आकार अवाढव्य. १९४६ साली म्हैसूरचे व्हॅन इंगेन ह्यांनी गळाने पकडलेला कुबडाचा महाशीर १२० पौंडांचा, म्हणजे सुमारे ५४ किलोंचा होता. १९७७-७८ मध्ये काही इंग्रज गळकऱ्यांनी तो पुन्हा जगापुढे आणला आणि कावेरीकाठी गळ टाकण्याची शिबिरे सुरू झाली. तेथे मासा पकडायचा, तोलायचा, वहीत नोंद करायची आणि परत सोडून द्यायचा, असा नियम होता. ह्या शिबिरांमुळे स्थानिक माणसांना रोजगार मिळाला. चोरून मासे मारणारे काही जण राखणदार झाले.

कावेरीतील महाशीरही घटत होताच. तो वाढावा म्हणून सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धापासून वाइल्डलाइफ असोसिएशन ऑफ साऊथ इंडिया ह्या संस्थेने आणि पुढे कर्नाटकातील मत्स्यबीज केंद्रांनी नदीत पिले सोडली. ही पिले दख्खनच्या खुद्रीची होती. महाशीर म्हणजे महाशीर, अशीच सर्वांची समजूत होती. देणाऱ्याचा हेतू शुद्ध, घेणाऱ्याचाही शुद्ध.

गाळीबोरे येथील शिबिराच्या १९९८ ते २०१२ ह्या काळातील वह्या पुढे शास्त्रज्ञांनी तपासल्या. त्यांत सहा हजारांहून अधिक माशांची नोंद होती. त्या वह्यांनी सांगितले की एकूण महाशीर वाढत होते, परंतु वाढत होता तो निळ्या परांचा खुद्री. कुबडाचा महाशीर दर वर्षी कमी मिळत गेला; जे मिळत ते म्हातारे आणि मोठाले, लहान पिले दिसेनाशी झाली. घरात केवळ आजी-आजोबा उरावेत आणि पाळणा हलू नये, तशी ती अवस्था. हा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. कावेरीवरील धरणे, वाळूचा उपसा आणि चोरटी मासेमारी ही कारणे होतीच. पण बाहेरून आणलेल्या जातभाईने त्याची जागा घेतली, हे मोठे कारण शास्त्रज्ञांनी पुढे ठेवले.

आता तो 'मसुल्ला' आठवावा. कावेरीच्या कुबडाच्या माशाला अनेक वर्षे शास्त्रीय ग्रंथांत साईक्सच्या मसुल्लाचे नाव चिकटवलेले होते. घोड नदीतला तो मासा मुळात महाशीरच नव्हे, हे पुढे २०१३ च्या सुमारास स्पष्ट करण्यात आले. म्हणजे भारतातील सर्वांत मोठ्या महाशीराला स्वतःचे खरे नावच नव्हते. ज्याला नाव नाही, त्याची यादीत नोंद होत नाही. ज्याची नोंद नाही, त्याच्या रक्षणाचा प्रश्नच उपस्थित होत नाही. अखेर केरळातील पांबार नदीतून २००७ साली वर्णिलेली 'रेमादेवी' ह्या नावाची जात आणि कावेरीचा कुबडाचा महाशीर एकच आहेत, हे २०१८ साली सिद्ध झाले. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेतील शास्त्रज्ञ डॉ. के. रेमादेवी ह्यांच्या सन्मानार्थ ते नाव ठेवले गेले होते. त्याच वर्षी तो मासा लाल यादीत आला, आणि आला तो थेट अतिसंकटग्रस्त म्हणून. बारसे झाले तेव्हा बाळ अत्यवस्थ होते.

असे प्रसंग जगात इतरत्रही घडले आहेत. आफ्रिकेतील व्हिक्टोरिया सरोवरात लोकांना अधिक मासा मिळावा म्हणून १९५० च्या दशकात नाईल पर्च नावाचा मोठा मासा सोडला गेला. पुढच्या काही दशकांत त्या सरोवरातील सुमारे दोनशे लहान माशांच्या जाती दिसेनाशा झाल्या. त्या जाती जगात अन्य कोठेही नव्हत्या. तेथेही उद्देश अन्न देण्याचा होता. फरक एवढाच की तेथे परका मासा शिकारी होता. कावेरीत तो नात्यातलाच होता, आणि म्हणूनच त्याचा संशय कोणाला आला नाही.

ओळख हीच राखण

ह्या साऱ्या इतिहासातून काय शिकावे? माणूस लोभी आहे, हे सांगण्यासाठी एवढ्या मोठ्या वृत्तान्ताची गरज नाही. लोभाचा दोष उघड असतो आणि त्याला कायद्याने आवर घालता येतो. येथील धडा निराळा आहे. जीवसृष्टीची हानी पुष्कळदा अनोळखीपणातून होते. डोंगरातल्या पावसाकडे पाहणाऱ्या अभियंत्याला त्यात वीज दिसली. मासा दिसला नाही. लोणावळ्याहून कावेरीकडे पिले पाठवणाऱ्यांना महाशीर दिसला. कोणता महाशीर, हे दिसले नाही. प्रेम असूनही ओळख अपुरी पडली. सेवाभावी कार्यात असणाऱ्या आपल्यासारख्यांना ह्याचा अर्थ चटकन कळावा. समोरच्याचे नाव, गाव, गरज न विचारता केलेली मदत कित्येकदा त्याच्या मुळावर येते.

आपल्या समाजाला ह्या बाबतीत एक चांगला वारसा आहे. इंद्रायणीच्या उगमाजवळच, खंडाळ्याच्या माथ्यावर, येशूसंघीय फादर सांतापाऊ ह्यांनी अनेक पावसाळे वनस्पती गोळा केल्या. त्यांच्या आधी फादर ब्लॅटर ह्यांनी मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात त्या अभ्यासाचा पाया घातला होता. तेथील वनस्पतिसंग्रह आजही ब्लॅटर ह्यांच्या नावाने ओळखला जातो. सांतापाऊ ह्यांचा खंडाळ्याच्या वनस्पतींवरील ग्रंथ १९५३ साली प्रसिद्ध झाला. ते पुढे भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे संचालक झाले आणि १९६७ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आज खंडाळा-लोणावळ्यात बंगले, हॉटेले आणि रुंद रस्ते झाले आहेत. त्यांत कोणती झाडे-वेली गेल्या, हे ज्याला पाहायचे असेल त्याला त्या यादीपासूनच सुरुवात करावी लागते. यादी नसती तर हानीही कळली नसती. एका धर्मगुरूने गवताच्या पात्याचेही नाव नीट लिहून ठेवणे, ही निर्मात्याच्या कामाविषयीची आदरबुद्धीच होय. पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' ह्या परिपत्रात प्रत्येक जीवजातीला माणसाच्या उपयोगापलीकडे स्वतःचे मोल आहे, असे प्रतिपादन केले; सांतापाऊ त्या वाटेने आधीच चालले होते.

इतर धर्मबांधवांकडूनही घेण्यासारखे आहे. वाडा तालुक्यातील तिळसे येथे वैतरणेच्या डोहात महादेवाच्या देवळापाशी महाशीर राखले जातात; महाडजवळ वाळण कोंडीत वरदायिनी देवीचे म्हणून ते राखले जातात. तेथे त्यांना कोणी मारीत नाही. येणारा भाविक त्यांना खाऊ घालतो. शास्त्रीय संस्था स्थापन होण्याच्या कितीतरी आधी गावकऱ्यांनी एकेक डोह वाचवला. देवाच्या नावाने राखलेली जागा जीवांनाही आसरा देते, ह्याचे हे प्रत्यक्ष उदाहरण आहे. वसई-पालघरच्या कुटुंबांना तिळसे काही दूर नाही. मुलांना एकदा तेथे अवश्य न्यावे, आणि पाण्यात वेष्टने न टाकता परत आणावे.

आपल्या घरांत आणि धर्मग्रामांत ह्यापलीकडे काय करता येईल? काचपेटीतल्या माशांचा कंटाळा आला की ते ओढ्यात किंवा नदीत सोडून देण्याची दयाबुद्धी आवरावी. ती दया नदीतल्या माशांना महागात पडते. शेततळ्यात कोणती जात सोडतो आहोत आणि पावसात ते तळे कोठे फुटते, ह्याची चौकशी करावी. पाऊस पडताच 'वलगणीचे' म्हणून अंड्यांनी भरलेले मासे ओहोळातून उचलण्याचा मोह टाळावा. त्या दिवशी पकडलेली एक मादी म्हणजे पुढच्या वर्षीची सारी पिले. आणि घरातील वडीलधाऱ्यांना विचारावे की त्यांच्या लहानपणी विहिरीत, ओढ्यात, खाडीत कोणते मासे मिळत. त्यांनी सांगितलेली नावे मुलांनी वहीत लिहावीत, आणि त्यांपैकी कोणती आजही बाजारात दिसतात, ते समोर मांडावे. त्या दोन रकान्यांतील अंतर हाच आपल्या गावच्या पाण्याचा इतिहास असेल.

योहानकृत शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायात पेत्र जाळे किनाऱ्याला ओढतो, तेव्हा त्यात एकशेत्रेपन्न मोठे मासे होते, असे नेमकेपणाने सांगितले आहे. 'पुष्कळ' म्हणून भागले असते, पण लिहिणाऱ्याने मोजून सांगितले. इंद्रायणीच्या माशांची मोजदाद साईक्सच्या वहीत आहे; त्यांना नावे देणारे लोक ह्याच मातीतले होते. त्या यादीतील प्रत्येक नावासमोर 'आहे' असे लिहिता येण्याजोगी नदी पुढच्या पिढीच्या हाती देणे, एवढे काम आपल्याकडे उरले आहे.